कानाचं उत्तर

बाहुलीला दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येतं, असा निकाल ‘चाहूल’नं दिला, तेव्हा ऋतुजा चौगुले स्वयंपाकघरात मटणाचं वाटण मिक्सरला लावत होती. बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, सोळा महिन्यांच्या जुईला रमवायला म्हणून तो इवलासा हेडफोन बाहुलीच्या डोक्यावर चढवला होता आणि सहज बटण दाबलं होतं. बारशाला आलेल्या आत्याबाईच्या उत्साहानं यंत्र म्हणालं, “अभिनंदन! बाळाचे दोन्ही कान उत्तर देतात.”

मिक्सर थांबला. धैर्यशीलनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा अभिनंदन झालं.

“ऋतू, बाहेर ये जरा.”

“आले की. एवढं परतायला टाकते नि—”

“गॅस बंद कर आणि ये.”

ऋतुजा हात पुसत बाहेर आली. धैर्यशीलनं बाहुली तिच्यापुढं धरली. बाहुलीच्या डोक्यावर निळ्या पट्टीचा हेडफोन होता आणि त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“हिच्या डोक्यात काय हाय सांग. हवा. मग हिला ऐकू कसं यायलंय?”

“काहीतरी चुकीचं दाबलं असशील.”

“तू दाब.”

तिनं दाबलं. अभिनंदन झालं. मग तिनं हेडफोन काढून स्टीलच्या उपड्या वाटीवर घट्ट बसवला. वाटीलाही ऐकू येत होतं. जुईला या खेळात मजा वाटली. ती टाळ्या पिटत दिव्याकडं बघून हसली. तिच्या आईनं मात्र हेडफोन वाटीवरून काढून घेतला, कारण तो तिच्याच हाताखालून बाहेर पडला होता, आणि ‘चाहूल’नंच दोनदा सांगितलं होतं की जुईला ऐकू येतं.

इथं थांबून कानाची गोष्ट सांगायलाच हवी. वाचकानं पानं उलटू नयेत. पुढचं सगळं दुःख या एवढ्याशा विज्ञानावर उभं आहे.

आपला कान नुसता ऐकत नाही, तो उत्तरही देतो. आतल्या शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात. विशिष्ट उंचीचे दोन सूर एकाच वेळी कानात सोडले, की निरोगी पेशी ते दोन्ही सूर एकमेकांत मिसळून तिसराच एक सूर तयार करतात आणि तो कानाबाहेर परत येतो. अगदी क्षीण, आपल्याला स्वतःला कधीच ऐकू न येणारा. पण नाजूक मायक्रोफोन तो टिपतो. जन्मतः बहिऱ्या बाळाच्या या पेशी निपचित असतात, म्हणून तिथून तिसरा सूर येत नाही. बाळाला काही बोलावं लागत नाही, मान वळवावी लागत नाही. झोपलेल्या बाळाचा कानही खरं सांगतो.

अडचण अशी, की सूर मिसळण्याचं हे काम नादुरुस्त स्पीकरही करतो. हेडफोनच्या आत केसाहून थोड्या जाड तारेची कॉइल एका कागदासारख्या पडद्याला चिकटवलेली असते आणि लोहचुंबकाच्या चिंचोळ्या फटीत ती खालीवर नाचते. कॉइल जराशी वाकडी बसली, पडद्याला सुरकुती पडली, आत धूळ गेली, तर ती घासते, आणि सोडलेल्या दोन सुरांतून तोच तिसरा सूर आपला आपण निघतो. मायक्रोफोनला काय, कानातून आला की पडद्यातून आला, तिसरा सूर तो तिसरा सूर. म्हणून जुनी यंत्रं दोन सुरांना दोन वेगळे स्पीकर वापरायची. सूर हवेत येईपर्यंत एकमेकांना भेटतच नसत. ती यंत्रं महाग होती आणि चालवायला शिकलेला माणूस लागायचा. ‘चाहूल’ आलं आणि एकाच स्पीकरवर काम भागलं. गावोगावच्या आशाताईंनी घरोघर न्यावं, बाळाच्या डोक्यावर घालावं, बटण दाबावं, एवढं सोपं. अट एकच होती: त्यातला स्पीकर निर्दोष हवा. आणि तो निर्दोष आहे की नाही, हे कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ऋतुजा ठरवत असे.

‘चाहूल’च्या जोडीला एक इंजेक्शनही आलं होतं. निपचित पेशींमध्ये दुरुस्त जनुक पोचवणारं ते औषध कानाच्या आत एकदाच टोचायचं. दोन महिन्यांत बाळ आईच्या हाकेला वळायला लागायचं. पण पहिल्या वाढदिवसाच्या आत. पुढं त्या रिकामटेकड्या पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींना कुठलंच औषध लागू पडत नाही. कानात शस्त्रक्रिया करून बसवायची यंत्रं पूर्वी मिळायची. इंजेक्शन आल्यावर त्यांचा खप संपला, कारखाने बंद झाले, ती बसवणारे हातही उरले नाहीत. परदेशात कुठंतरी एखादं केंद्र अजून चालू होतं आणि तिथली वाट बघणाऱ्यांची रांग हलत नव्हती. माणसाची हीच खोड आहे. नवं दार सापडलं की जुनं भिंत बांधून बुजवून टाकतो.

जुई आठ महिन्यांची असताना धैर्यशील पहिल्यांदा म्हणाला होता, “ऋतू, ही हाकेला वळत न्हाई.”

तो घरूनच नकाशे काढायचं काम करी, म्हणून दिवसभर जुई त्याच्याजवळ असायची. मिक्सर तिच्या पाळण्याशेजारी घरघरला तरी तिची झोप मोडत नसे. येणारे-जाणारे म्हणत, “काय गुणाची पोर आहे, जरासुद्धा त्रास नाही.” ऋतुजालाही त्याचं कौतुक वाटे.

“तू समोर असलास की हसते ना?”

“समोर असलो की हसती. मागं असलो की मी नसतोच.”

“खेळण्यात गुंगते रे. आणि जन्मली तेव्हाच तपासलंय ना? मी स्वतः कारखान्यातनं नवं कोरं चाहूल नेलं होतं दवाखान्यात.”

“परत तपास.”

तिनं परत तपासलं. लाइनवरून उतरलेल्या त्या दिवसाच्या मालातून तिनं तिच्याच हातानं एक हेडफोन निवडला, कारखान्याच्या ध्वनिपेटीत घालून त्याची विकृती, म्हणजे त्याचा स्वतःचा तिसरा सूर, मोजली, ती नगण्य आली, आणि तो घेऊन ती घरी आली. झोपलेल्या जुईच्या कानांनी खणखणीत उत्तर दिलं. तरीही धैर्यशीलचं समाधान होईना, म्हणून ते कोल्हापुरातल्या एका बालरोगतज्ज्ञाकडं गेले. डॉक्टरांनी हेडफोनवरचा हिरवा दिवा पाहिला आणि म्हणाले, “चाहूल पास आहे ना? मग झालं तर. काही मुलं उशिरा लक्ष द्यायला लागतात.” परतीच्या वाटेवर ऋतुजा नवऱ्याला चिडवत होती, की बायकोपेक्षा बायकोच्या कारखान्यावर तरी विश्वास ठेव. तो हसला होता. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, आणि जुईचे उरलेले चार महिने तसेच निघून गेले.

तो हेडफोन तेव्हापासून घरीच पडून होता. रविवारी बाहुलीच्या डोक्यावर चढला, तो हाच.

सोमवारी ऋतुजा कारखान्यात गेली ती पहिल्यांदा ध्वनिपेटीपाशी. पेटी म्हणजे जाड स्पंजानं मढवलेलं कपाटच. त्यात रबरी कान बसवलेला असतो आणि त्या कानात मायक्रोफोन. रबरी कान मेलेला, म्हणून त्यात येणारा तिसरा सूर हा सगळाच्या सगळा हेडफोनचा दोष. घरून आणलेला हेडफोन तिनं त्या कानावर चढवला. पेटी म्हणाली, उत्तम. मग तिनं तोच हेडफोन पेटीबाहेर टेबलावर, साध्या उपड्या कपावर ठेवून वेगळ्या मायक्रोफोननं मोजला. तिसरा सूर स्पष्ट दिसला. तिनं तयार मालातले दुसरे हेडफोन घेतले, मग आणखी घेतले. पेटीत सगळे निर्दोष, पेटीबाहेर बहुतेक सगळे सदोष. म्हणजे खोटं पेटी बोलत होती.

आणि पेटीला खोटं बोलायला शिकवणारा एकच जण होता, मास्टर.

कारखान्यात मास्टर म्हणजे आदर्श नमुना. हजारोंतून निवडलेला, बाहेरच्या प्रयोगशाळेनं तपासून दिलेला, अजिबात विकृती नसलेला एक हेडफोन. ध्वनिपेटीचा मायक्रोफोन हवेच्या दमटपणानं, उकाड्यानं थोडाफार बदलतो. म्हणून रोज सकाळी पहिल्यांदा मास्टर वाजवायचा. मास्टर निर्दोष, तेव्हा त्याच्यात जो काही तिसरा सूर दिसेल तो पेटीचा स्वतःचा, असं धरायचं आणि दिवसभर प्रत्येक हेडफोनमधून तो वजा करायचा. वाणी आधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणतो, तसंच हे. पण शून्य करायच्या त्या भांड्याच्या तळाला कोणी पाव किलो शिसं चिकटवलं असेल आणि माल दुसऱ्या भांड्यात तोलला, तर पुढं प्रत्येक मापात काटा तेवढं कमी दाखवत राहणार.

तिनं मास्टर पेटीतून काढला. दीड वर्षात त्याच्या आत कुणी पाहिलं नव्हतं. त्याला हात लावताना हातमोजे घालायचे, एवढा त्याचा मान. मापात भेसळ नको म्हणून त्याच्या पडद्यावर कापडाची जाळीही नसे. तिनं तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन्ही बाजूंच्या पडद्यांच्या कडेला, कॉइल जिथं चिकटवलेली असते तिथं, एकेक लाल ठिपका होता. तिनं भिंग वाढवलं. दोन्ही ठिपक्यांना पिवळी कड होती.

ऋतुजाला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

तिच्या घरात बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, एक मोठा फोटो लावला होता. मागच्याच्या मागच्या खंडेनवमीला धैर्यशीलनं काढलेला. त्या दिवशी कारखान्यात घरच्यांना बोलवतात. पाने-पकडी, संगणक, सोल्डरिंगच्या बंदुका, सगळ्यांना झेंडूच्या माळा घालून पूजा होते. ऋतुजाला तेव्हा आठवा महिना होता. लाइनवरच्या बायका म्हणाल्या, “मास्टरची पूजा यंदा ऋतुजाच्या हातनं होऊ दे. भरल्या ओटीची बाई हाय, बरकत येईल.” एरवी मास्टर पेटीबाहेर निघत नसे, त्या वर्षी निघाला. फोटोत ती पोटावर एक हात ठेवून वाकली आहे, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून हळदकुंकू मास्टरवर पडतं आहे आणि ती हसते आहे. नंतर तिनं काळजीपूर्वक मऊ ब्रशानं सगळं झाडलं होतं. राहिलेल्या कणांवर एक हलकी फुंकरही मारली होती. ती फुंकर तिला आता आठवली. कण बाहेर उडाले नव्हते, आत गेले होते.

त्यानंतर कारखान्याला खरोखरच बरकत आली. बाद होणारा माल एकदम घटला. घासणारा स्पीकर मास्टरच्या दोषाआड लपून पास होऊ लागला. बाद होणं थांबलं म्हणून कॉइल चिकटवणारं यंत्र दुरुस्त करायचं कुणाला सुचलं नाही. ते दिवसेंदिवस अधिकच वाकडं चिकटवत राहिलं. मास्टर वर्षातून एकदा तपासायला बेंगळुरूला जायचा. त्या वर्षी सगळे म्हणाले, एवढा पावलेला आहे, लक्ष्मी उंबऱ्याबाहेर कशाला धाडायची? कारखान्याचे व्यवस्थापक शिंत्रेसाहेब इंजिनिअर. त्यांनीही हसून मुदत वाढवून दिली. गुणवत्ता सुधारल्याबद्दल ऋतुजाला बढती मिळाली आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

शिंत्रेसाहेबांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. मग ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले.

“किती माल गेलाय याच्यानंतर?”

“सगळा, सर. दीड वर्षाचा. पाच राज्यांत.”

“हजारात एखादंच मूल तसं जन्मतं, मॅडम.”

“हो सर. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. ते एखादंच मूल चाहूलनं पास केलं.”

शिंत्रे माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ऋतुजाला सोपं गेलं असतं. त्यांनी ताबडतोब लाइन बंद करायला सांगितलं, नवा मास्टर मागवला. मग दार लावून घेऊन ते म्हणाले, “वर्षाच्या आतली जेवढी मुलं आहेत त्यांना परत तपासू. नवं सॉफ्टवेअर आलंय म्हणून सांगू, कुणी विचारणार नाही. पण ज्यांचं वर्ष उलटलंय, त्यांना सांगून काय मिळणार? औषध तर आता नाही. आज ती माणसं सुखात आहेत.”

“सुखात नाहीत, सर. त्यातला एक बाप रोज पोरीच्या पाठीमागनं हाका मारतोय आणि बायको त्याला वेड्यात काढतेय.”

“कोण?”

“माझा नवरा.”

 शिंत्रे हळूच म्हणाले, “जुई?”

ऋतुजानं मान हलवली आणि दीड दिवस धरून ठेवलेलं रडू तिला तिथं फुटलं. ती तोंडावर पदर दाबून रडत राहिली आणि शिंत्रे पाण्याचा ग्लास हातात घेऊन नुसते उभे राहिले. शेवटी ती म्हणाली, “सगळ्यांना सांगायचं, सर. तुम्ही नाही सांगितलं तर मी आरोग्य खात्यात जाऊन सांगणार. बहिऱ्या पोराला बहिरं समजून तरी वाढवू दे. हट्टी हाय, मंद हाय म्हणून मार तरी नको खाऊ दे.”

कंपनीनं जाहीर केलं. फक्त कंपनीच्या वकिलानं कुंकवाचा उल्लेख काढून टाकला आणि तिथं ‘घटकातील दोष’ असे शब्द घातले. चॅनेलवाले थट्टा करतील, देवाधर्माचे लोक चिडतील, दोन्हीकडून मार बसेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

मिरजेला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडं अजून जुनं यंत्र होतं, डोक्याला तारा लावून मेंदूकडं आवाज पोचतो का ते पाहणारं. जुई औषधानं झोपली होती. पडद्यावरची रेघ सपाट होती. बाईंनी आवाज वाढवत नेला, शेवटच्या टोकापर्यंत नेला, रेघ हलली नाही.

“पाच-सहा महिने आधी आणायला हवी होती हो,” त्या म्हणाल्या. कुणाला दोष देण्यासाठी नाही. त्या ते सगळ्यांनाच म्हणत असाव्यात.

घरी परतल्यावर ऋतुजानं धैर्यशीलला टीव्हीवरचा फोटो काढून आणायला सांगितलं आणि त्या फोटोवर बोट ठेवून सगळं सांगितलं. चिमटी, ब्रश, फुंकर. तो ऐकत होता. जुई त्याच्या मांडीवर बसून फोटोच्या काचेत स्वतःला बघत होती.

“हा फोटो मीच काढलाय,” तो शेवटी म्हणाला. “एकदा नीट आला नव्हता म्हणून परत कुंकू वहायला लावलं होतं मी तुला.”

“तसं नको म्हणूस. तुझं काही—”

“न्हाई, कुंकवाचं सोड. ते कुणाच्याबी हातनं झालं असतं.” त्याचा आवाज चढला नाही, म्हणूनच तिला भीती वाटली. “मी तुला सांगितलं होतं, ऋतू. चार महिने हातात होते तेव्हा सांगितलं होतं. मी बाप हाय हिचा, दिवसभर हिच्याजवळ असतोय. तू माझं ऐकलं न्हाईस. त्या डब्याचं ऐकलंस. आणि वरनं मला हसलीस.”

 

मिरजेच्या बाईंच्या ओळखीनं तिथंच खुणांच्या भाषेची शाळा मिळाली. धैर्यशीलनं जवळ खोली घेतली आणि जुईला घेऊन तो तिकडं राहायला गेला. भांडण असं झालं नाही. नातेवाइकांना सांगायला शाळेचं निमित्त पुरलं. ऋतुजा दर रविवारी जाई. दोघं बापलेक हातांनी काहीबाही बोलत, एकमेकांकडं बघून खिदळत. ती बघत बसे. एकदा जुईनं तिच्याकडं बोट करून बापाला काहीतरी विचारलं. धैर्यशीलनं खुणेनं उत्तर दिलं आणि जुईनं मान डोलावली.

“काय विचारली रे?”

“काय न्हाई. पाहुणी कुठली म्हणत होती.”

त्यानं हे दुखवायला सांगितलं की सहज, ते तिला समजलं नाही. परतीच्या एसटीत ती कपाळाला हात लावून बसली होती. कपाळ मोकळंच होतं. त्या सोमवारपासून तिनं कुंकू लावणं सोडलं होतं, टिकलीसुद्धा. कारखान्यात बायका कुजबुजायच्या, शेजारच्या काकू “असं बरं दिसत नाही गं” म्हणायच्या. ती कुणाला काही सांगत नसे.

फेरतपासणीला माणसं कमी पडत होती, म्हणून कारखान्यातले लोकही आशाताईंबरोबर गावोगाव जाऊ लागले. ऋतुजानं मागून घेऊन सगळ्यांत लांबची गावं घेतली. नव्या हेडफोनमध्ये दोन स्पीकर होते. काम वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. बातमी आधीच पोचलेली. काही घरांनी दार उघडलं नाही. “एकदा पास म्हणता, एकदा नापास म्हणता, तुमच्या यंत्राला आग लागो,” असं एका आजोबांनी ऐकवलं आणि सात महिन्यांची नात दाखवायलाच नकार दिला. ऋतुजा त्यांच्या पाया पडली. त्यांनी दार लावून घेतलं. आत ते बाळ होतं, त्याचे अजून पाच महिने होते, आणि ते त्या दाराआड एकेक करून संपणार होते. ज्या यंत्रानं खोटं सांगितलं ते आता खरं सांगू लागलं, तर त्याचं ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

काही बाळं वेळेत सापडली, हे सांगितलं पाहिजे. त्यांना इंजेक्शन मिळालं. त्या आयांनी पाठवलेले, हाकेला वळणाऱ्या बाळांचे व्हिडिओ ऋतुजाच्या फोनवर येत. ती ते आवाज बंद करून बघे.

राधानगरीच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत ती एका दुपारी पोचली. घराच्या भिंतीवर अजून फ्लेक्स होता: ‘आमच्या राजवीरचा पहिला वाढदिवस’. गॉगल घातलेला राजवीर त्यावर हसत होता. वाढदिवसाला तीन महिने होऊन गेले होते. ऋतुजाची पावलं तिथंच अडखळली. पण सगळ्यांना सांगायचं, हा हट्ट तिचाच होता.

राजवीरची आई बाविशीतली पोर होती, सोनल नावाची. तिनं पाणी दिलं, चहा टाकला, आणि राजवीरला मांडीवर घेऊन बसली. ऋतुजानं हेडफोन चढवला. दिवा लाल झाला. तिनं पुन्हा लावला, पट्टी सैल करून, घट्ट करून. दिवा लालच राहिला. नव्या हेडफोनला अभिनंदन करता येत होतं, पण नकार द्यायचा आवाज कुणी त्यात भरला नव्हता. ते माणसानंच सांगायचं होतं.

ऋतुजानं सांगितलं. वर्षाची मुदतही सांगितली, इंजेक्शनचंही सांगितलं, मिरजेच्या शाळेचा पत्ता दिला.

सोनल ऐकत राहिली. “पण जन्मला तवा पास झाल्ता की. आशाताईनं पेढा मागितल्ता.”

“तेव्हाचा हेडफोन खराब होता, ताई.”

“मला कळत होतं,” सोनल म्हणाली. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. “भांडं पडलं तरी दचकायचा न्हाई. मी आमच्या ह्यास्नी म्हटलं, तर म्हणाले, सरकारच्या मशिनापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय. मग मी गप बसले.”

ऋतुजाला राहवलं नाही. वकिलानं काय बजावलं होतं ते ती विसरली.

“ताई, हे माझ्या हातनं झालंय. कारखान्यात तपासायचं काम माझं होतं. माझ्यामुळं ते खराब हेडफोन बाहेर गेले. मला तुम्ही काहीही बोला.”

सोनलनं तिच्याकडं नीट पाहिलं. ऊन लागून लाल झालेला चेहरा, धुळीनं भरलेले पाय.

“तुमच्या हातनं कसं हुईल? मशिनाचं काय सांगता येतंय?” ती म्हणाली. “तुमी एवढ्या लांबनं, उन्हातानाचं सांगायला आलाय. कोण येतंय आमच्याकडं?”

“नाही हो, खरंच—”

“तुमास्नी हायेत का पोरं?”

“एक मुलगी आहे.”

“ऐकू येतंय न्हवं तिला?”

ऋतुजानं नाही म्हणून मान हलवली.   चुलीवर चहा उकळून उतू गेला, तेव्हा सोनल उठली. चहा झाला. ऋतुजानं सामान आवरलं, पिशवी खांद्याला लावली आणि चपला घालायला वाकली.

“थांबा की,” सोनल आतून म्हणाली. “सवाष्ण बाई दारातनं तशीच जाईल व्हय? आणि कपाळ असं मोकळं का?”

ती देव्हाऱ्यापुढची हळदकुंकवाची पितळी कुयरी घेऊन बाहेर आली. ऋतुजा उंबऱ्यात खिळल्यासारखी उभी राहिली. नको म्हणावं, हात धरावा, पळून जावं, सगळं तिच्या मनात आलं आणि यातलं तिनं काहीच केलं नाही. तिनं डोकं खाली केलं. सोनलनं आधी हळद लावली, मग कुंकू. चिमटीतलं थोडं जास्त झालं आणि एक-दोन कण ऋतुजाच्या नाकावर पडले. “सांडलं बघा,” सोनल म्हणाली आणि ते उडवायला तिनं हळूच फुंकर मारली.

ऋतुजानं डोळे घट्ट मिटून घेतले.

राजवीर ओसरीच्या कडेला पाठमोरा बसून मातीत काडीनं रेघा ओढत होता.

“राजू, मावशीला टाटा कर,” सोनलनं हाक मारली. “राजू! ए राजू!”

मग ती थांबली. कुयरी तिनं खाली ठेवली, अंगणात उतरली, आणि वळसा घालून त्याच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसली.